रिअर ॲडमिरलची बढती रोखताना

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना आधीच सांगते. कथेत आरमार असेल तर पदांचा तक्ता कथेसोबतच पाठवा. माझ्याकडे तो मागाहून मागितला गेला आणि अख्खा श्रावण त्यातच गेला.

माझी कथा शनीजवळ तैनात असलेल्या ताफ्याची. ताफ्याची रचना पटकन बसली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचा सुभा पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा सांगितला आहे. मोठी जहाजं थोडी, चपळ जहाजं तिप्पट, हे प्रमाण मी तसंच उचललं. पदं भारतीय नौदलाची घेतली. ताफ्यावर माझी नायिका, रिअर ॲडमिरल, आणि तिचा वरिष्ठ, व्हाइस ॲडमिरल, पृथ्वीवर.

मुद्रितं आली तर नायिकेला परस्पर बढती मिळालेली! पानोपानी ‘रिअर’ खोडून नुसतं ‘ॲडमिरल’. अंकाच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, एवढ्या मोठ्या ताफ्यावर ॲडमिरलच शोभतो. वाचकांना भारदस्त वाटलं पाहिजे."

अहो, पण सगळी कथाच त्या एका पदावर उभी आहे! शनीपर्यंत संदेश जायला साधारण सव्वा तास लागतो. म्हणजे वरिष्ठांना विचारून उत्तर यायला अडीच तास. तोवर लढाईचा निकाल लागलेला असतो. म्हणून ती हुकमाविरुद्ध निर्णय घेते आणि त्याचा जाब तिला द्यावा लागणार असतो. ती ॲडमिरल झाली की व्हाइस ॲडमिरल तिच्या हाताखालचा ठरतो. मग हुकूम कोणाचा आणि जाब कोणाला?

हे मी फोनवर सांगितलं, सविस्तर लिहून पाठवलं. "बघतो", "अंक लावायला घेतलाय", "साहेब बाहेरगावी आहेत" याशिवाय काही हाती लागेना. मी लावून धरलं. शेवटी म्हणाले, पुरावा द्या.

पुरावा मुंबईतच होता. आपल्या पश्चिमी ताफ्याची धुरा रिअर ॲडमिरलकडे असते. त्याच्या वर पश्चिम नौदल कमांडचा प्रमुख व्हाइस ॲडमिरल आणि दिल्लीत नौदलप्रमुख ॲडमिरल. ही उतरंड एका पानावर काढली, शेजारी माझा शनीचा ताफा मांडला आणि पाठवून दिली. इतक्या दिवसांच्या पत्रापत्रीने जे झालं नाही ते त्या एका पानाने झालं. ‘रिअर’ परत आला तेव्हा मला केवढं हायसं वाटलं!

त्याच पानावर भूदलाची पदंही समोरासमोर लिहा. कथेत ग्रहावर उतरणारे सैनिक असतील तर त्यांचा कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा असतो. नौदलाचा कॅप्टन मात्र कर्नलच्या तोडीचा. दोघं एका प्रसंगात आले तर सलाम कोणी कोणाला करायचा हे आधी ठरवून ठेवा. आणि सगळ्यांनाच ॲडमिरल करू नका. आपल्या एवढ्या नौदलात पूर्ण ॲडमिरल सहसा एकच असतो.

हो, चित्रकारालाही तो तक्ता द्या. मजकूर दुरुस्त झाला तरी चित्रात तिच्या खांद्यावर चार तारे होते. रिअर ॲडमिरलला दोनच. तेही मी बदलून घेतले.