पारावरच्या चालीनं ऑनलाइन बुद्धिबळ

बुद्धिबळ मी तात्यांकडून शिकलो, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, मारुतीच्या पारावर. नियम देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार, आणि शह बसला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी. असा डाव सावकाश रंगतो. सात-आठ चाली होईपर्यंत कुणी कुणाला भिडत नाही.

तीन वर्षांपूर्वी लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खातं काढलं ते हाच हात घेऊन. पहिल्याच आठवड्यात माझं दोन घरं पुढं गेलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं उचललं, आणि ते स्वतः जाऊन बसलं माझ्या प्याद्यामागच्या रिकाम्या घरात! मला वाटलं मोबाइल बिघडला. नंतर कळलं, याला 'आं पासां' म्हणतात. दोन घरांची चाल आली म्हणून हा नियम आला. आमच्याकडं ती चालच नव्हती.

तिथं नव्या खेळाडूची सुरुवात १५०० रेटिंगवर, म्हणजे खेळाची ताकद सांगणाऱ्या आकड्यावर, होते. चार महिन्यांत मी ११८०वर होतो. समोरच्याचे वजीर आणि उंट चौथ्या चालीला उंटापुढच्या प्याद्यावर तुटून पडायचे आणि मात. मग व्हिडिओ बघून मीही प्यादी बळी देत हल्ले करू लागलो. ते हल्ले माझे नव्हतेच, त्यामुळं तिसऱ्या-चौथ्या चालीनंतर पुढं काय करायचं ते सुचायचं नाही.

वळण आलं ते मीर सुलतान खान यांच्याबद्दल वाचल्यावर. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवरच वाढला आणि १९२९, १९३२ व १९३३ला ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन गेला. माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही त्यानं हरवलं. सुरुवातीच्या चालींत तो कच्चा, शेवटच्या टप्प्यात पक्का. त्याचे डाव मी लाकडी पटावर एकेक करून मांडले. तेव्हा पटलं, की माझा सावकाशपणा टाकून द्यायची गरज नाही, त्याला शेवटापर्यंत जिवंत ठेवायला हवं.

म्हणून पंधरा मिनिटांचे, चालीगणिक दहा सेकंद मिळणारे डाव धरले. काळ्याकडून फक्त कारो-कान ही एकच सुरुवात. हरलेला डाव आधी वहीत स्वतः तपासायचा, मगच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, लावायचं. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीच्या दिवसांत खेळ बंद, बाकी दुपारी वेळ मिळतो. हत्तीचे शेवट, म्हणजे राजा, हत्ती आणि प्यादीच उरलेले डाव, मी त्या दुपारींत घोटले.

गेल्या महिन्यात त्याचं चीज झालं. समोरच्याकडं राजा, हत्ती आणि एक प्यादं. माझ्याकडं राजा आणि हत्ती. राजा प्याद्याच्या वाटेत ठेवला आणि हत्ती माझ्या बाजूनं तिसऱ्या ओळीवर, म्हणजे त्याच्या राजाला पुढं यायला जागा नाही. ओळ न सोडता मी हत्ती इकडून तिकडं हलवत राहिलो. शेवटी त्यानं प्यादंच त्या ओळीवर ढकललं. त्याच क्षणी माझा हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मागून शहावर शह. त्याच्या राजाला आडोसा उरला नाही. बरोबरी! ही बचाव पद्धत फिलिडोर या फ्रेंच खेळाडूची, अठराव्या शतकातली.

रेटिंग आता १६४०च्या आसपास आहे. रविवारी गावी गेलो तेव्हा तात्यांना ती स्थिती मांडून दाखवली. बराच वेळ बघून त्यांनी ते प्यादं उचललं, एक घर मागं ठेवलं आणि म्हणाले, "ह्यानं इथं घाई केली बघ."