पाय मागे घेणारे माऊली

साताऱ्यात निवृत्त जवानांच्या समुपदेशनाचे काम मी गेली बारा वर्षे करते आहे. गेल्या आषाढीला त्यांच्यापैकी एका हवालदारकाकांच्या सोबतीने मी आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. ऑक्टोबर १९८७ मध्ये ते भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर जाफन्यात होते. फटाक्याने दचकणे, रात्ररात्र जागणे हे त्रास औषधांनी बरेच आटोक्यात आले होते आणि त्या गोळ्या वारीतही ते रोज न चुकता घेत. मात्र 'माऊली' म्हणून कोणी पाया पडायला वाकले की काका झटकन पाय मागे घेत. दिवे घाटाच्या चढणीला एका आजींचा हात त्यांच्या पायाला लागलाच, तेव्हा चटका बसावा तसे ते बाजूला झाले आणि घाटमाथा येईपर्यंत त्यांनी टाळ वाजवला नाही.

भीतीची जखम वेगळी आणि अपराधाची वेगळी. पहिलीत माणसाला जगाचा धाक वाटतो, दुसरीत तो स्वतःलाच नकोसा होतो. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर बॉस्टनमध्ये उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 'नैतिक आघात' ही कल्पना मांडली. त्यांचा भर वरिष्ठांकडून झालेल्या विश्वासघातावर होता. पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्या हातून घडलेल्या कृत्याचे ओझेही त्यात धरले. असे दुःख ऐकून घेणारी माणसे भोवती लागतात, हे शे यांचे म्हणणे मला अनुभवाने पूर्ण पटले आहे. आपल्याकडे जवान गावी आला की हार-फेटे होतात, पण तिथे काय घडले हे कोणी विचारत नाही. काकांचाही असाच सत्कार झाला होता.

वाल्हे हे वाल्मिकींचे, म्हणजे वाल्या कोळ्याचे गाव, अशी श्रद्धा आहे. तिथल्या मुक्कामी हरिपाठ संपल्यावर राहुटीत काका आपणहून बोलले. रात्री घरांची झडती चालू असताना एक दार किलकिले झाले, त्यांनी गोळी झाडली आणि उंबऱ्यावर कंदील हातात धरलेला एक म्हातारा कोसळला. "कंदील विझला नाही ताई, तसाच जळत राहिला," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

'युद्धात असे होतेच' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, पण ते मी गिळले, कारण तसे म्हणणे म्हणजे त्यांचे बोलणे तिथेच तोडणे. विणेकरी बुवा गळ्यातली वीणा तशीच सांभाळत शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांनी फक्त विचारले, "माऊली, नाव काय हो त्यांचे?"

"ठाऊक नाही, बुवा."

नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. बुवांनी दोषही दिला नाही आणि माफीही दिली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते नीरेपर्यंत काकांच्या शेजारून चालले.

पंढरपुरात चंद्रभागेवर काकांनी घरच्यांच्या नावाने एकेक बुडी घेतली. मग काठावर उभ्या असलेल्या बुवांकडे पाहून त्यांनी विचारले, "नाव ठाऊक नसले तर चालते का?" बुवांनी मान हलवली. काका पुन्हा पाण्यात उतरले.