स्क्रिप्ट टॅगने चालतं, मग इम्पोर्ट केल्यावर का अडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीला जोडायचं माझं तारीख निवडायचं प्लगिन पानात स्क्रिप्ट टॅगने जोडलं की चालतं, वेबपॅकमधून (हा बंडलर, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधणारं साधन) इम्पोर्ट केलं की ‘इज नॉट अ फंक्शन’ म्हणून थांबतं, अशी तक्रार मला वरचेवर येते.

प्लगिन लिहिलं तेव्हा विंडोवर, म्हणजे ब्राउझरमधल्या सगळ्या स्क्रिप्टांच्या सामायिक ऑब्जेक्टवर, जेक्वेरी असणारच, हे मी गृहीत धरलं होतं. स्क्रिप्ट टॅगांचं सगळं एकाच अंगणात चालतं, तिथे ते खपून गेलं. बंडलरमध्ये प्रत्येक फाइलचं घर वेगळं. लागेल ती वस्तू मागून घ्यावी लागते. मागायच्या रीतीही तीन: कॉमनजेएसचं रिक्वायर, एएमडीचं डिफाइन आणि 2015 साली भाषेतच आलेलं इम्पोर्ट. पहिल्या दोन्ही रीती आणि विंडो सांभाळणारं यूएमडीचं वेष्टण मी चढवलं. त्यात ‘धिस’ (चालू संदर्भाचा ऑब्जेक्ट) म्हणजे विंडो असं धरलेलं होतं, आणि ईएस मॉड्यूलमध्ये, म्हणजे इम्पोर्टच्या रीतीच्या फाइलमध्ये, सर्वांत वरच्या पातळीवर धिस अनडिफाइन्ड असतो. तिथे ग्लोबलधिस (कुठूनही तो सामायिक ऑब्जेक्टच देणारं नाव) घातल्यावर ते सुटलं.

खरा घोळ पुढे होता, आणि तो सापडायला मला फार वेळ लागला. जेक्वेरी मी पॅकेज.जेसन या माझ्या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये डिपेंडन्सीज या, सोबत बसवायच्या गोष्टींच्या यादीत टाकली होती, तीही एका ठरावीक आवृत्तीला बांधून. वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टात दुसरी आवृत्ती असली की एनपीएम (पॅकेजं बसवणारं साधन) माझ्या पॅकेजच्या पोटात वेगळी प्रत ठेवायचं. बंडलमध्ये दोन जेक्वेरी! प्लगिन इमानेइतबारे एका प्रतीच्या एफएनला (जेक्वेरीत प्लगिनं जोडायची जागा) चिकटायचं आणि पान दुसरीला हाक मारायचं. दोन्ही प्रती निर्दोष, म्हणून कोडमध्ये कितीही शोधलं तरी चूक दिसेना. जेक्वेरी पीअरडिपेंडन्सीजमध्ये (वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टातलीच प्रत घ्यायची, असं सांगणारी यादी) हलवली, आवृत्तीची मर्यादा सैल केली, तेव्हा हे थांबलं. ज्याला दुसऱ्याच्या वस्तूवरच लटकायचं आहे, त्याने ती वस्तू सोबत आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रकाशित करण्याआधी मी एनपीएम पॅक चालवते आणि तयार झालेली फाइल कोऱ्या प्रोजेक्टात बसवून पाहते. माझ्याच फोल्डरमध्ये केलेल्या चाचण्यांना ही दुसरी प्रत कधीच दिसली नव्हती.

तुम्ही आधी ‘एनपीएम एलएस जेक्वेरी’ एवढं चालवा. दोन वेगळ्या आवृत्त्या दिसल्या तर प्लगिन अद्ययावत करा. एकच दिसली, तर तुमची वेबपॅकची कॉन्फिग फाइल मला पाठवा, मी बघते.