मोरपंखी रंग फोनमध्ये धरताना

माझं सासर येवल्याचं. घरात पैठणीचे दोन हातमाग आहेत, त्यांवर सासरे आणि धाकटे दीर बसतात. पूर्वी साडी मागावरून उतरली की गावातल्या व्यापाऱ्याकडे जायची. २०२० च्या टाळेबंदीत ते बंद पडलं, तेव्हा व्हॉट्सॲपवरून थेट विकायचं मी मनावर घेतलं. फोन हाताशी होता, साड्या घडी घालून कपाटात होत्या. फोटो काढायचा आणि पाठवायचा, एवढंच काम आहे असं मला वाटलं होतं.

तिसरीच साडी परत आली. मोरपंखी होती, सासऱ्यांनी जवळजवळ दोन महिने बसून विणलेली. ज्यांनी घेतली त्या ताईंनी मुलीच्या साखरपुड्यासाठी मागवली होती. पार्सल उघडल्यावर त्यांचा फोन आला, "साडी फार सुंदर आहे हो, पण मी हिरवी मागितली होती, ही तर निळी आहे." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. पैसे परत केले. सासरे काहीच बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा न घेताच मागावर जाऊन बसले.

मी तोच फोटो आणि तीच साडी शेजारी ठेवून पाहिली. चूक कुठे झाली ते कळायला वेळ लागला, कारण चुका दोन होत्या. पहिली उजेडाची. फोटो काढला तेव्हा डावीकडे खिडकी होती आणि डोक्यावर ट्यूबलाइट चालू होती. खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या, त्यामुळे एकाच साडीच्या दोन टोकांना दोन छटा आल्या होत्या. शिवाय भिंत पोपटी. भिंतीवरून परतणारा उजेडही रेशमावर चढतो, आणि रेशीम तर आरशासारखं सगळं उचलतं.

दुसरी चूक मोरपंखीच्या विणीमुळे झाली. आमच्याकडे ही साडी धूपछांव विणतात, ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे आणि बाणा म्हणजे आडवे धागे दुसऱ्या. या साडीत निळा आणि हिरवा. समोरून पाहिलं तर एक रंग वर येतो, कापड जरा तिरकं झालं की दुसरा. मी नेमका हिरवा दिसणाऱ्या कोनातून फोटो घेतला होता. फोटो खोटा नव्हता, अर्धा होता.

मग मी जागेपासून सुरुवात केली. आमच्या पडवीला उत्तरेचा उजेड आहे, ऊन थेट येत नाही. सकाळी दहा ते बारा तिथे पांढरी चादर टाकून साडी पसरते. आतले सगळे दिवे बंद. उन्हात कधीच नाही, उन्हात जरीची तार नुसती चमकते आणि तिच्यातली वीण दिसेनाशी होते. फोटोआधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती फडक्याने पुसते. स्वयंपाकघरातून उठून आलेल्या हाताचा तेलकट ठसा काचेवर असला की काठाभोवती धुरकट झळाळी येते. मी महिनाभर फोनच जुना झालाय असं समजत होते.

चंद्रकळा म्हणजे काळी साडी, तिने मला कॅमेऱ्याचा स्वभाव शिकवला. समोरचं सगळं मध्यम उजेडाचं असणार असं फोन धरून चालतो. काळं कापड दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजळवतो आणि चंद्रकळा राखाडी होते. शिरोदक म्हणजे पांढऱ्या साडीचं उलट, ती मळकट दिसते. म्हणून स्क्रीनवर साडीवर बोट दाबून धरते, फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात. मग शेजारी येणारी सूर्याची खूण काळ्या साडीला खाली ओढायची, पांढरीला वर. राणी रंगाला तर खाली ओढावीच लागते, नाहीतर लाल इतका भडकतो की घडीतल्या सावल्या आणि बुट्ट्या त्यात बुडून जातात.

रंगाचं कुलूप वेगळं. फोन पांढरा रंग स्वतःच ठरवतो. सगळी चौकट लाल साडीने भरली की उजेडच लाल आहे असं समजून तो फोटो निळसर करून टाकतो. यावर उपाय कॅमेऱ्यातला प्रो मोड. तिथे व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं काय धरायचं ते, हाताने ठेवता येतो. साडीच्या जागी कोरा कागद धरायचा, कागद पांढरा दिसेपर्यंत आकडा हलवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. माझ्या पडवीत तो ५५०० ते ६५०० केल्व्हिनच्या (उजेडाचा रंग मोजायचं एकक) मध्ये बसतो, ढगाळ दिवशी वरच्या बाजूला. आणि फोन आपणहून चित्र ओळखून रंग गडद करतो ते सेटिंग बंद. निसर्गाच्या फोटोला ते छान असेल, पण इथे गिऱ्हाईक फोटोवर विश्वास ठेवून पैसे पाठवतं. त्याच्या हातात पडेल तीच साडी त्याला दिसली पाहिजे.

पदर मात्र जवळूनच दाखवावा लागतो. पदरावर विणलेल्या पोपटी मुनियेची, म्हणजे छोट्या पक्ष्याची, लाल चोच मसुराच्या डाळीएवढी, तिच्यासाठी धाग्याची वेगळी कांडी हातात घेऊन बाणा भरलेला असतो. हे दिसलं नाही तर हातमागाची किंमत लोकांना का पटावी? मी आधी फोन अगदी साडीला टेकवायचे. तेवढ्या जवळ मुख्य लेन्सला फोकस धरता येत नाही, फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो आणि रंगही जरासा बदलतो. आता हातभर मागे सरकते आणि दुप्पट झूम करते. मुनियेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवते, आकार कळतो. आणि तोच पदर उलटा करून मागच्या बाजूचा फोटो. हातमागावर विणलेला पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेला मागे सुट्या धाग्यांचं जाळं असतं. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा हाच फोटो मागतं.

धूपछांवसाठी व्हिडिओशिवाय इलाज नाही. फोन तिवईवर घट्ट बसवते आणि जाऊबाई पदर दोन्ही हातांनी धरून सावकाश तिरका करतात. आधी मी फोनच फिरवायचे, त्यात उजेड सारखा बदलायचा. आता कापड हलतं, फोन नाही. वीस सेकंद पुरतात. मोरपंखीचा निळा हिरव्यात उतरताना दिसतो तेव्हा मला अजूनही थांबून बघावंसं वाटतं.

सासऱ्यांचा मागावरचा व्हिडिओ संध्याकाळी घेतला तर चित्रावर काळे पट्टे सरकायचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवला आणि पट्टे गेले. त्या व्हिडिओत मी बोलत नाही. मागावर ये-जा करणाऱ्या धोट्याचा खट् खट् आवाज तसाच ठेवते.

एवढं करूनही पाठवताना घात होतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, जरीची बारीक वीण विरघळते. म्हणून पदराचे फोटो आणि व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवते. राहिला गिऱ्हाइकाचा स्क्रीन. कुणाचा भडक, कुणी रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळा केलेला. त्यावर मला सुचलेला उपाय असा, एका फोटोत साडीच्या कडेला तोच कोरा कागद ठेवायचा आणि लिहायचं, "ताई, हा कागद तुम्हाला पांढरा दिसतोय का? पिवळा दिसत असेल तर डोळ्यांसाठीचं सेटिंग बंद करून पुन्हा बघा."

परत आलेली ती मोरपंखी पुढच्या वर्षी बारामतीला गेली. त्या काकूंना मी चार फोटो आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता, खाली लिहिलं होतं की ही दोन रंगांत दिसेल. नेसून काढलेला त्यांचा फोटो आला. अंगणात उभ्या, खांद्यावर निळी आणि निऱ्यांत हिरवी. सासऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हां, हीच आपली."

रात्री नऊला कुणी विचारलं, "अंजिरीचा फोटो टाका ना," तरी दिवा लावून काढत नाही. लिहिते, "उद्या दहा वाजता पाठवते, आत्ता रंग खरा येणार नाही."