खपलीची २८ गुणसूत्रं

एमएस्सीच्या प्रकल्पाला मी थाटात विषय सांगितला होता, ‘खपली आणि लोकवन गव्हाची गुणसूत्रं मोजते.’ उत्तर पुस्तकात छापलेलंच होतं: खपलीत २८, लोकवनमध्ये ४२. पंधरा दिवसांचं काम, असं वाटलं. चार महिने गेले.

पहिली ठेच बियाण्यालाच. दुकानातली खपली सडलेली, म्हणजे साल काढलेली होती. सडताना कोंब दुखावतो. ओल्या फिल्टर पेपरवर ३० दाणे ठेवले, रुजले ५, बाकीच्यांवर बुरशी. मग मिरजेकडच्या मामाला फोन केला. त्यानं सालीसकट ओंब्याच पाठवल्या. एकेक दाणा नखानं सोलला. तिसऱ्या दिवशी सेंटिमीटरभर पांढरी मुळं दिसली तेव्हा मी लॅबभर सगळ्यांना दाखवत फिरले.

मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. त्यांना मध्येच अडकवलं, तरच गुणसूत्रं आखूड, जाड आणि सुटी दिसतात. त्यासाठी वापरतात ते कोल्चिसिन विषारी, ते हाताळायची मला भीती, म्हणून मुळं २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवली. थंडीनं गुणसूत्रं ओढणारे धागे मोडतात आणि विभाजन तिथंच थांबतं. मग पेशी जशाच्या तशा टिकवायला तीन भाग अल्कोहोल, एक भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. मग मऊ करायला ६० अंशांवरच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात दहा मिनिटं. एकदा तेवढ्यात आईचा फोन आला. परत आले तर मुळांचा लगदा.

खरी परीक्षा अंगठ्याची. गुणसूत्रं रंगवणाऱ्या अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात मुळाचं टोक ठेवायचं, वर कव्हरस्लिपची पातळ काच, पेन्सिलीच्या मागच्या बाजूनं हलकी टकटक, मग टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाब. अंगठा केसभर सरकला की पेशी गुंडाळल्या जातात. दाब कमी पडला तर गुणसूत्रं एकावर एक, जास्त झाला तर पेशी फुटून शेजारणीत मिसळते.

पहिली बरी पेशी सापडली आणि मोजणी बरोब्बर २८! मॅडमनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे दोन ठिपके सुटी गुणसूत्रं नाहीत गं, सॅटेलाइट आहेत, शेजारच्याच गुणसूत्रांची टोकं. आणि इथे खाली दोन दडलीत, ती तू सोडलीस. तुला २८ हवी होती, म्हणून मिळाली.’ दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं. उत्तर चुकलं असतं तर इतकी लाज वाटली नसती.

त्यानंतर मैत्रीण स्लाइडवर नुसते आकडे घालून द्यायची, कशात कुठला गहू ते तिच्या वहीत. मी आधी कॅमेरा ल्युसिडानं, म्हणजे सूक्ष्मदर्शकातलं दृश्य कागदावर गिरवायच्या साधनानं, चित्र काढायचं, मग चित्रावर मोजायचं.

लोकवन लगेच ओळखू यायचा, गर्दीच तेवढी. खपलीत दोन रानगवतांचे संच आहेत. साधारण ८ ते १० हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या आसपास, असल्याच लागवडीच्या गव्हाचा तिसऱ्या एका रानगवताशी संकर झाला आणि आणखी १४ गुणसूत्रं आली. कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनांची काही महत्त्वाची जनुकं या तिसऱ्या संचावर आहेत. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणून तर खपली खिरीला आणि लोकवन पोळीला.’

शेवटच्या खेपेत ९ नंबरची स्लाइड सुरेख उतरली. चार पेशी, चारही चित्रांत २८, सॅटेलाइट धरून तपासलेली. मी ‘खपली’ लिहिलं. मैत्रिणीनं वही उघडली आणि हसायला लागली. तिनं मुद्दाम बन्सी हा तिसराच गहू घातला होता. बन्सीही खपलीसारखाच चतुर्गुणित, म्हणजे सात-सात गुणसूत्रांचे चार संच असलेला, आणि ते संच ज्यांचे ती रानगवतंही तीच दोन. खपलीची साल दाण्याला घट्ट धरून असते आणि बन्सीची मळणीत सुटते, हा फरक मोजक्या जनुकांचा. गुणसूत्रांच्या मोजणीत तो दिसणार कसा?

अहवालात ९ नंबरपुढचं ‘खपली’ खोडून ‘चतुर्गुणित गहू’ लिहिलं. मग आधीच्या सगळ्या २८ वाल्या स्लाइडांपुढेही तेच.