ओशोग्बोच्या देवराईत

नायजेरियातल्या लागोसहून ओशोग्बोला जाताना इबादानपर्यंतचा रस्ता कसा होता ते विचारू नका. ट्रकांच्या रांगेत अर्धा दिवस गेला. हॉटेलात रात्रभर वीज लपंडाव खेळत होती. ते सगळं सोडून देते. मला लिहायचंय ते ओशुनच्या देवराईच्या दारात जे झालं त्याबद्दल.

ही देवराई सुमारे 75 हेक्टरांची, शहराच्या अगदी अंगाला लागून. आत दाट झाडी आणि मधून वाहणारी ओशुन नदी. इथल्या योरुबा लोकांची ओशुन म्हणजे गोड्या पाण्याची, लेकराबाळांची, मधाची आणि पितळेची देवी. ही जागा आज टिकून आहे यात एका परक्या बाईचा मोठा वाटा आहे. ऑस्ट्रियाची सुझान वेंगर 1950 साली नायजेरियात आली, आजारी पडली, इथल्या देवांची दीक्षा घेतली आणि 2009 मध्ये ओशोग्बोतच वारली. स्थानिक कारागिरांना हाताशी धरून तिने रानात सिमेंटच्या अजस्र मूर्ती उभ्या केल्या, झाडं तोडणाऱ्यांशी भांडली. 2005 साली युनेस्कोने देवराईला जागतिक वारसा म्हटलं.

तर दारात एक पांढऱ्या कपड्यांतल्या आजी बसल्या होत्या. हातात कोपरापर्यंत पितळी कडी. माझ्या ऑफिसातली मैत्रीण सोबत होती. तिने गुडघे टेकून नमस्कार केला. आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं. मैत्रीण जरा चाचरली. मग म्हणाली, "पाळी चालू आहे का, विचारताहेत."

ड्रायव्हरसमोर. तिकीटवाल्यासमोर. माझी कानशिलं तापली. आमची आजी निदान बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारायची! इतक्या लांब येऊन पुन्हा तेच, म्हणून मी चिडून म्हटलं, "त्यांना विचार, त्यांचं काय?" मैत्रिणीने ते थोडं साखरेत घोळवून सांगितलं असणार, कारण आजी खळखळून हसल्या. त्यांचं केव्हाच संपलं होतं. आता गाभाऱ्यात त्यांना कोण अडवणार? उलट त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुरुषांनाही आत जाता येत नाही.

आत गेल्यावर त्यांनीच गोष्ट सांगितली. पृथ्वी नीट लावायला सतरा देव खाली आले. त्यांतली बाई एकच, ओशुन. सोळा जणांनी तिला बैठकीला बोलावलंच नाही. मग पाऊस पडेना, पोरं होईनात, कुठलंच काम तडीस जाईना. सगळे तक्रार घेऊन ओलोदुमारेकडे, म्हणजे सगळ्यांत वरच्या देवाकडे, गेले, तर त्याने एवढंच विचारलं, की तुमच्यातली बाई कुठाय? आले मुकाट परत, तिच्या पाया पडायला. आजी हे सांगताना शेजारच्या तरुण पुजाऱ्याकडे बघत होत्या, आणि तो बिचारा नारळ फोडण्यात फारच गुंतला होता.

ऑगस्टमधल्या ओशुनच्या उत्सवाच्या मुख्य दिवशी गर्दी एवढी, की माझी चप्पल पायातून गेली ती गेलीच. फोन कंपन्यांचे फलक देवीपेक्षा मोठे. पोरं एकमेकांना छड्यांनी सपासप मारत होती, कारण अंगावरचं अरिष्ट त्याने जातं म्हणे. आणि त्या कल्लोळातून अरुग्बा आली. ही राजघराण्यातली कुमारिका. इफाचा, म्हणजे योरुबांच्या भविष्य सांगणाऱ्या देवाचा, कौल लावून तिला निवडतात. डोक्यावर कापडात गुंडाळलेला नैवेद्याचा भोपळा, तोंडातून चकार शब्द नाही, आणि राजवाड्यापासून नदीपर्यंत पाऊल अडखळायचं नाही. अडखळली तर गावावर संकट. लोक ओरडून तिच्यामार्फत नवस बोलत होते. मला दिसलं ते तिच्या मानेवर ओघळणारा घाम आणि तिला धरून चालणाऱ्या बायांचे हात. अख्ख्या शहराचं बरंवाईट एका पोरीच्या मानेवर ठेवून अताओजा, म्हणजे तिथला राजा, छत्रीखाली चालत होता. मला ते काही पटलं नाही.

पोरीला पाळीआधीचा मान, म्हातारीला पाळीनंतरचा. आमच्यासारख्या मधल्यांनी बाटलीत नदीचं पाणी भरायचं आणि मूल मागायचं. कौल वाचणारे बाबालावोही बहुतेक पुरुषच. मैत्रिणीला हे मान्य नव्हतं. "बाजारात बघ, तिथे इयालोजाच्या, बाजाराच्या म्होरक्या बाईच्या, शब्दापुढे कोण जातो?" ती म्हणाली. "आणि विजांचा देव शांगो, त्याचे पुजारी बघितलेस? वेण्या घालून, बायकांसारखं नटून नाचतात. देव अंगात यायचा तर बाई व्हावं लागतं त्यांना." सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते आठवले, आणि मी गप्प बसले.

पण ती लागोसजवळच्या इकोरोडूची. तिथे ओरो या देवाच्या उत्सवाच्या वेळी दिवसाउजेडी बायकांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, ओरोला बघायचं तर नाहीच. बाहेर फक्त पुरुष. परतीच्या वाटेवर तिला विचारलं, "राग येत नाही?"

"पूर्वी यायचा," ती म्हणाली. "आता आदल्या दिवशी नवऱ्यालाच बाजारात पाठवते. भाव काय चाललेत ते कळतं त्याला. दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत झोपते."