नाताळची एकादशी

नाताळचे जेवण म्हटले की आपल्याकडच्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत भाजलेली टर्की आणि प्लम केक यांचे छायाचित्र हमखास छापून येते. इंग्लंड-अमेरिकेपुरते ते खरेही आहे. मात्र युरोपातील अनेक कॅथलिक प्रदेशांत नाताळचे मुख्य जेवण २४ डिसेंबरच्या रात्री होते आणि त्यात मांसाचा एक तुकडाही नसतो. चर्चच्या जुन्या नियमाप्रमाणे नाताळचा आदला दिवस उपवासाचा होता. त्या दिवशी मांस वर्ज्य होते, मासा मात्र चालत असे. १९८३ च्या चर्चसंहितेत या दिवसाचे बंधन उरले नाही, तरी घरोघरच्या स्वयंपाकघरांनी ते आजवर पाळले आहे.

पोलंडमधील ‘विगिल्या’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावाचून कोणी जेवायला बसत नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथखाली थोडे वाळके गवत पसरलेले असते, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवलेली असते आणि जेवणापूर्वी प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातील पातळ पांढऱ्या पापडीचा तुकडा मोडून घेऊन त्याला शुभेच्छा देतो. त्यानंतर बारा प्रेषितांच्या स्मरणार्थ बारा पदार्थ येतात: बिटाचे आंबट, नितळ सूप आणि त्यात वाळवलेल्या रानअळंब्यांचे सारण भरलेल्या इवल्या कानवल्या, हेरिंग मासा, कोबी-अळंब्यांचे पिएरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या), तळलेला कार्प, खसखशीचे गोड पदार्थ आणि सुक्या फळांचे पेय. उपवासाच्या नावाखाली एवढे साग्रसंगीत जेवण पाहून कोणा युरोपीय माणसाला नवल वाटेल, पण साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस एकाच पानात वाढून घेणाऱ्या आपल्याला वाटू नये. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे त्यांनाही चांगलेच साधले आहे.

या जेवणातला कार्प हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. खाऱ्या पाण्याच्या मासळीवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला सणाच्या दिवशी कोणी तळ्यातला मासा मानाने वाढतो, हेच मुळात पटायला वेळ लागतो. पण ज्या चेक देशाला समुद्रकिनाराच नाही, त्याने दुसरे काय करावे? तिथल्या ट्रशेबोन्य परिसरात सोळाव्या शतकापासून मत्स्यपालनासाठी खोदलेल्या तलावांचे जाळेच आहे. त्यांतील सर्वांत मोठा रोझम्बेर्क तलाव १५८४ ते १५९० या काळात बांधला गेला. शरद ऋतूत तलाव उपसून मासे पकडतात आणि नाताळच्या आधी काही दिवस शहरांच्या रस्त्यांवर मोठमोठ्या टबांतून जिवंत कार्प विकायला येतात. पूर्वी अनेक कुटुंबे असा मासा घरी आणून न्हाणीघरातील टबात सोडत. तेवढ्या दिवसांत मुलांचा त्याच्यावर जीव जडायचा आणि मग त्याला मारायचे कोणी, यावरून घरात वाद व्हायचा. आजही मासा पावाच्या चुऱ्यात घोळून तळला जातो, सोबत बटाट्याचे सॅलड असते आणि त्याचे एक खवले वर्षभर पैसा टिकावा म्हणून पाकिटात ठेवले जाते.

पोर्तुगालची गोष्ट याच्या उलट आहे. समुद्र दाराशी असूनही तिथल्या नाताळच्या आदल्या रात्रीचा मासा म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. पूर्वी तो कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या समुद्रातून यायचा, आता बराचसा नॉर्वेकडून येतो. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवलेला हा मासा बटाटे, कोबी आणि अंडी यांच्यासोबत नुसता उकडतात आणि वरून लसूण व ऑलिव्ह तेल घालतात; मसाल्याचा पत्ता नसतो. गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षे राहिले, पण आपल्याकडे नाताळ ओळखला जातो तो फराळावरून: नेवऱ्या, दोदोल, कुलकुले, बेबिंका. या ‘कुसवारा’ची ताटे हिंदू शेजाऱ्यांकडेही जातात. माझ्या मते इथे गोव्याने पोर्तुगालवर सरळ मात केली आहे.

जपानमध्ये उपवासाचा प्रश्नच नाही. तिथे ख्रिस्ती लोक शंभरात एखादा, आणि १९७४ पासून चाललेल्या जाहिरातीमुळे नाताळला ‘केंटकी फ्राइड चिकन’ (केएफसी) या अमेरिकी कंपनीची तळलेली कोंबडी खाण्याचा प्रघात पडला. तो जाहिरातदारांच्या हुशारीचा नमुना म्हणून ठीक आहे.

खरा कडक उपवास पाहायचा असेल, तर इथिओपियाकडे वळावे. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ ७ जानेवारीला येतो आणि त्याआधी ४३ दिवस मांस, दूध, लोणी, अंडी हे सारे बंद असते. हा उपवास सुटतो ‘डोरो वॉट’ या कोंबडीच्या रश्शावर. भरपूर बारीक चिरलेला कांदा तेल-तुपाशिवाय मंद आचेवर, करपू न देता, पार विरघळून गडद होईपर्यंत परतत राहावे लागते. मग त्यात मसाल्यांनी सुवासिक केलेले तूप आणि बेर्बेरे हा लाल मिरचीचा मसाला पडतो, आणि त्यानंतर कोंबडी. परंपरेप्रमाणे एका कोंबडीचे बारा तुकडे करायचे असतात. शेवटी सोललेली उकडलेली अंडी रश्शात सोडतात. टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी, जाळीदार, धिरड्यासारखी इंजेरा अंथरून तिच्यावर हा रस्सा ओततात आणि सारे घर एकाच ताटाभोवती बसून, इंजेराच्या तुकड्यांनी तो उचलून खाते.